जुना सीएनसी लेथ कमी खर्चात चालू करताना

बंद पडलेला सीएनसी लेथ, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारा लेथ, आणला की बहुतेक जण आधी कंट्रोलरच्या (त्या संगणकाच्या) मागे लागतात आणि पैसे तिथेच संपतात. कार्ड, ड्राइव्ह (मोटरला वीज पुरवणारं युनिट), केबल नंतर केव्हाही घेता येतात. बेड (ज्यावर स्लाइड सरकते तो पाया) झिजलेला निघाला किंवा स्पिंडलची (चक फिरवणाऱ्या दांड्याची) बेअरिंग्ज गेलेली असली, तर मात्र सगळा हिशेब बदलतो. म्हणून मोजमाप आधी, खरेदी मागाहून.

त्याच्याही आधीचं एक काम आहे. जुना स्क्रीन अजून उजळत असेल तर सगळे पॅरामीटर (मशीनच्या सेटिंग्ज) उतरवून घ्या, निदान पानापानाचे फोटो तरी काढा. फानुक कंपनीच्या जुन्या कंट्रोलमध्ये ते बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत असतात. बॅटरी बदलायची ती सप्लाय चालू ठेवून. बंद मशीनमधून काढली की पॅरामीटर पुसले जातात. कॅबिनेटच्या दाराच्या आत छापील यादी खोचलेली असते का, तेही पाहा.

आता मोजमाप. दर मीटर लांबीला ०.०२ मिमीचा उतार दाखवणाऱ्या लेव्हलने बेड आधी समपातळीत आणा. पीळ बसलेला बेड झिजलेल्या बेडसारखाच टेपर (जॉबच्या दोन टोकांच्या व्यासांत फरक) काढतो, आणि फुकटात सुटणाऱ्या दोषासाठी लोक ग्राइंडिंगचा खर्च करून बसतात. मग चकखाली लाकडी दांडा घालून हलकेच उचला आणि वर टेकवलेला डायल (सूक्ष्म हालचाल दाखवणारा गेज) वाचा. ०.०२ मिमीच्या पुढे हालचाल दिसली तर बेअरिंगचा प्रीलोड (घट्टपणा) तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बॅकलॅशसाठी (दिशा बदलताना हरवणाऱ्या हालचालीसाठी) स्लाइडवर डायल लावा, एका दिशेने ०.१ मिमीच्या पावलांनी सरकवा, मग उलट फिरवा. जेवढी हालचाल हरवली तेवढा प्ले. एक्स अक्षावर (टूल जॉबकडे आत-बाहेर नेणाऱ्या) ०.०२ मिमी म्हणजे व्यासात ०.०४, हे विसरू नका. पण प्ले दिसला म्हणून लगेच बॉल स्क्रू (स्लाइड सरकवणारा स्क्रू) बदलायला घेऊ नका. स्क्रूच्या टोकाच्या सेंटर-भोकात ग्रीस लावून एक छर्रा बसवा, त्यावर डायल टेकवा, स्क्रू फिरू न देता स्लाइड पुढे-मागे ढकला. डायल हलला तर दोष थ्रस्ट बेअरिंगचा किंवा ढिल्या झालेल्या लॉकनटचा. काम स्वस्तात होईल. स्क्रू जागचा हलत नाही आणि स्लाइड तेवढी हलते, तेव्हा स्क्रूवरचा बॉल नट झिजलेला समजा. सॉफ्टवेअरमधली बॅकलॅश भरपाई हा त्यावरचा इलाज नाही. ती जागा दुरुस्त करते खरी, पण टूलचा दाब आला की ढिली स्लाइड त्या फटीत सरकतेच.

तेलाच्या नळ्या सोडून प्रत्येक टोकाशी थेंब येतो का ते बघा. वर्षानुवर्षं पडून राहिलेलं तेल डिंकासारखं होतं आणि मीटरिंग युनिट (तेल मोजून सोडणारे जोड) आतून चोक होतात. ती साफ करत बसण्यात अर्थ नाही, सगळी नवी टाका. तेल व्हीजी ६८ स्लाइडवेचं. हायड्रॉलिकचं तेल इथे नको.

आता वीज. सप्लाय बंद केल्यावर ड्राइव्हमधले कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत. दहा मिनिटं थांबा आणि डीसी बसचा (ड्राइव्हच्या आतल्या डीसी पुरवठ्याचा) व्होल्टेज मीटरने शून्याजवळ आल्याची खात्री करा, मगच हात घाला. फुगलेले किंवा गळलेले कपॅसिटर बदला. मोटर ड्राइव्हपासून सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) इन्सुलेशन पाहा. १ मेगओहमच्या खाली गेलं तर सुकवल्याशिवाय चालवू नका. फानुकच्या पिवळ्या टोपणाच्या मोटर डीसी असतात; त्यांच्यातली कार्बनची भुकटी काढली आणि ब्रश बदलले की बऱ्याच पुन्हा उभ्या राहतात. मोटर आणि ड्राइव्ह धड असतील आणि ड्राइव्ह अधिक-उणे १० व्होल्टची कमांड घेत असेल, तर ते तसेच ठेवा. तिथे पैसे वाचतात.

कंट्रोलर मेलाच असेल तर लिनक्ससीएनसी हे कंट्रोल सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. अशा ड्राइव्हसाठी मेसा कंपनीचं ७आय९७टी कार्ड जमतं, ते इथरनेटवर चालतं. मात्र मोटरला सिरियल एन्कोडर (पल्सऐवजी डेटा पाठवणारा, मोटरचं फिरणं मोजणारा सेन्सर) असेल तर ते कार्ड तो वाचू शकणार नाही, म्हणून मागवण्याआधी नेमप्लेट वाचा. स्केल (मिलिमीटरला किती काउंट ते) हातानेच काढा: २००० पल्सचा एन्कोडर एका फेऱ्यात त्याच्या चौपट, ८००० काउंट देतो, स्क्रूची पिच १० मिमी आणि जोड थेट असेल तर मिलिमीटरला ८००.

पहिली चाचणी कपलिंग किंवा पट्टा काढूनच. एन्कोडरची दिशा कमांडच्या उलट जोडली गेली असेल तर कंट्रोलचा लूप (कमांड आणि प्रत्यक्ष जागा जुळवणारी साखळी) चूक कमी करायच्या ऐवजी वाढवत नेतो आणि मोटर पूर्ण वेगाने पळते. स्क्रूला जोडलेली असेल तर स्लाइड थेट टोकाला आदळते. आउटपुट १ व्होल्टवर आणि फॉलोइंग एररची (कमांड आणि प्रत्यक्ष जागेतल्या फरकाची) मर्यादा १ मिमीवर ठेवा. शाफ्ट हाताने फिरवून स्क्रीनवरचा आकडा योग्य बाजूला जातो का ते आधी बघा, मग एनेबल द्या (ड्राइव्हला चालायची परवानगी).

इमर्जन्सी स्टॉप सॉफ्टवेअरवर सोडू नका. बटणाने कॉन्टॅक्टरच्या (मोठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) कॉइलचा सप्लाय तोडला पाहिजे आणि त्या कॉन्टॅक्टरने ड्राइव्हचा. हायड्रॉलिक चक असेल तर त्याचा प्रेशर स्विचही स्पिंडलच्या एनेबलमध्ये सिरीजमध्ये घ्या. नाहीतर दाब उतरलेला असताना स्पिंडल फिरेल आणि जॉब जबड्यातून सुटेल.

थ्रेडिंग करायचं असेल तर स्पिंडलवर इंडेक्स पल्स (फेऱ्याला एकदा, ठरावीक जागी येणारा) असलेला एन्कोडर हवाच, कारण प्रत्येक कट त्याच खाचेत पडावा लागतो. शेवटी टेलस्टॉकशिवाय एका बारवर दोन कॉलर (जाडसर कडी) ठेवून एकाच पासात दोन्ही कापा. व्यासांतला फरक हाच लेथचा टेपर. तो जास्त आला तर पुन्हा लेव्हलकडे जा.