विरोधी पक्षाने काँग्रेस जिंकली, आता आपल्या व्हिसाचं काय?

अमेरिकेत दर दोन वर्षांनी नोव्हेंबरात काँग्रेसचे, म्हणजे इथल्या संसदेचे, निकाल लागले, की नुकत्याच आलेल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा सुरू होते: राष्ट्राध्यक्षांचे विरोधक जिंकले, आता एच-१बी हा नोकरीचा व्हिसा सोपा होणार का? की अवघड? निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही. नवी काँग्रेस ३ जानेवारीला बसते, आणि तोवर जुनीच कायदे करत असते. शिवाय आपल्या डोक्यात दिल्ली आणि मुंबईचा हिशोब असतो: बहुमत गेलं की सरकार गेलं. इथे अविश्वास ठराव नावाचा प्रकारच नाही. दोन्ही सभागृहं हातची गेली तरी राष्ट्राध्यक्ष आणि त्यांचं मंत्रिमंडळ चार वर्षं पूर्ण करतं.

मग बदलतं काय? हाउसच्या, म्हणजे खालच्या सभागृहाच्या, ४३५ पैकी २१८ जागा मिळाल्या की स्पीकर त्या पक्षाचा, आणि कुठलं विधेयक मतदानाला आणायचं हेही तोच पक्ष ठरवतो. प्रत्येक समितीचं अध्यक्षपद फिरतं, आणि त्याबरोबर समन्स काढण्याचा अधिकारही. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार डेट्रॉइटकडून हाउसवर आहेत. त्यांनी २०२५ मध्ये ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाची कलमं मांडली, पण पक्ष अल्पमतात होता आणि त्यांच्याच पक्षातल्यांनी साथ दिली नाही, त्यामुळे त्यांनी माघार घेतली आणि प्रकरण मतदानापर्यंत गेलंच नाही. बहुमतवाल्यांनी तेच केलं तर मतदान होतं. निकाल मात्र वेगळी गोष्ट, कारण दोषी ठरवायला सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, दोन-तृतीयांश मतं लागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये रिपब्लिकन हाउसने होमलँड सिक्युरिटीचे मंत्री मायोर्कस यांच्यावर २१४ विरुद्ध २१३ मतांनी महाभियोग लावला आणि एप्रिलमध्ये सिनेटने तो काढून टाकला. व्हिसा-ग्रीन कार्डाचे अर्ज तपासणारं यूएससीआयएस याच खात्याखाली येतं. टीव्हीवर आठवडे गाजलेल्या या प्रकरणाने कुणाचाही एच-१बीचा अर्ज (आय-१२९) एक दिवसही पुढे सरकला नाही.

आणखी एक फरक ध्यानात ठेवा. इथे पक्षांतरबंदी कायदा नाही, व्हिप मोडला म्हणून खासदारकी जात नाही. त्यामुळे कुणाला गुवाहाटीच्या हॉटेलात नेऊन ठेवावं लागत नाही, पण पाच-सहा जागांचं बहुमतही रोज डळमळतं. २०२२ मध्ये रिपब्लिकनांना २२२ जागा मिळाल्या, तरी मॅकार्थींना स्पीकर व्हायला पंधरा फेऱ्या लागल्या आणि नऊ महिन्यांत त्यांच्याच पक्षाच्या आठ जणांनी त्यांना घालवलं. म्हणून जागा किती जास्त मिळाल्या ते बघा, नुसतं कोण जिंकलं ते नाही.

व्हिसाचे बहुतेक नियम कायद्यात नसतात, ते खात्याच्या नियमावलीत आणि राष्ट्राध्यक्षांच्या घोषणांत असतात. एच-१बीवाल्यांच्या काही जोडीदारांना (एच-४) कामाची परवानगी २०१५ मध्ये ओबामांच्या खात्याने नियम करून दिली. तेव्हा दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांकडे होती आणि त्यांना तो थांबवता आला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं, तेही घोषणेने. विरोधी काँग्रेसला असं काही रद्द करायचं तर कायदा करावा लागतो. त्यावर राष्ट्राध्यक्षांचा व्हेटो (नकाराधिकार) येतो, आणि तो मोडायला सगळे हजर असतील तर हाउसमध्ये २९० आणि सिनेटमध्ये ६७ मतं लागतात. २०१९ मध्ये सीमेवरच्या आणीबाणीविरुद्ध ठराव दोन्ही सभागृहांत पास झाला, ट्रम्प यांनी व्हेटो केला, आणि हाउसमध्ये २४८ मतांवर तो अडकला. नियमांना खरा अडसर येतो तो कोर्टातून. न्यायाधीशांना मंजुरी सिनेट देते, म्हणून आपल्या दृष्टीने सिनेट कुणाकडे हे हाउसपेक्षा जास्त मोलाचं.

आता ज्याची झळ थेट बसते त्याकडे. पैशांची तिजोरी काँग्रेसकडे आहे आणि आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतं. तोवर खर्चाची बारा विधेयकं किंवा तात्पुरती मुदतवाढ पास झाली नाही की शटडाउन, म्हणजे सरकारी कामकाज बंद. १९९४ ला रिपब्लिकनांनी काँग्रेस जिंकली, पुढच्याच हिवाळ्यात २१ दिवस सरकार बंद. २०१० ला हाउस जिंकलं, २०१३ मध्ये १६ दिवस बंद. सत्ता दुभंगलेली असावीच लागते असंही नाही: ऑक्टोबर २०२५ मध्ये सगळं एकाच पक्षाकडे होतं, पण सिनेटमध्ये विधेयक पुढे न्यायला लागणारी ६० मतं जमेनात आणि बंद ४३ दिवस चालला.

यूएससीआयएस आपण भरलेल्या फीवर चालतं, त्यामुळे ते सहसा उघडं राहतं. मुंबईत बीकेसीच्या वकिलातीतल्या मुलाखतीही आता बहुधा चालू राहतात. १९९५-९६ मध्ये मात्र जगभरात रोज वीस-तीस हजार व्हिसा अर्ज तसेच पडून होते. अडतं ते कामगार खात्यात. एच-१बीच्या प्रत्येक अर्जाला आधी त्या खात्याचं एलसीए (पगार आणि कामाच्या अटींचं मंजूर पत्रक) लागतं, मग तो अर्ज नवा असो, मुदतवाढीचा असो की नोकरी बदलण्याचा. २०१३ आणि २०२५ मध्ये एलसीए भरायचं पोर्टल बंद पडलं. २०१८-१९ चा बंद ३५ दिवसांचा, पण त्यात एलसीए मिळत होते, कारण कामगार खात्याचं विधेयक आधीच पास झालं होतं. म्हणून शटडाउन आलं की पहिला प्रश्न हा विचारायचा: लेबर खात्याचे पैसे मंजूर आहेत का?

एलसीए मंजूर व्हायला कामाचे सात दिवस लागतात आणि ते सहा महिने आधीपासून भरता येतं. तुमचं आय-९४ (इथे राहण्याच्या मुदतीची नोंद) ऑक्टोबर ते जानेवारीत संपणार असेल, तर ऑगस्टमध्येच एचआरच्या मागे लागा आणि १५ सप्टेंबरपूर्वी एलसीए हातात घ्या. बहुतेक कंपन्यांचे वकील शेवटच्या महिन्यात फाइल उघडतात आणि लोक नेमके तिथेच अडकतात. मुदतवाढीचा अर्ज मुदतीत पोचला, तर त्याच कंपनीत २४० दिवस काम चालू ठेवता येतं. पण एलसीएशिवाय तो अर्जच भरता येत नाही.

सगळ्यात वाईट जोडी म्हणजे लेऑफ आणि शटडाउन. नोकरी गेल्यावर ६० दिवस मिळतात, किंवा आय-९४ ची तारीख आधी असेल तर तेवढेच. ऑक्टोबर २०२५ मध्ये एलसीएचं पोर्टल जवळपास महिनाभर बंद होतं; तसा बंद त्यातला महिना खाऊ शकतो आणि घड्याळ थांबत नाही. नवी ऑफर हातात असूनही एलसीए निघत नसेल, तर ६० दिवस संपायच्या आत आय-५३९ हा दर्जा बदलण्याचा अर्ज भरून बी-२ (पर्यटक) दर्जा मागता येतो. त्याला एलसीए लागत नाही. हा अर्ज चाळिसाव्या दिवसाच्या आसपास वकिलाकडे तयार असू द्या. शटडाउनमुळे उशीर झाला असं सांगून माफी मागता येते, पण ती देणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर.

ग्रीन कार्डाचं पर्म, म्हणजे कंपनीने आधी मिळवायचं कामगार खात्याचं प्रमाणपत्र, तेही याच खात्यात. जाहिराती दिल्यापासून १८० दिवसांत पर्म भरावं लागतं. ती मुदत बंदच्या काळात संपली की जाहिराती पुन्हा देण्याची पाळी येऊ शकते, म्हणून वकिलाला शेवटची तारीख लेखी विचारा. व्हर्जिनिया-मेरीलँडकडे सरकारी कंत्राटांवर काम करणाऱ्यांनी आणखी एक जाणून घ्या: सरकारी कर्मचाऱ्यांना थकलेला पगार नंतर मिळतो, कंत्राटी कंपन्यांना तशी हमी नाही. पण तुम्ही एच-१बीवर असाल, तर काम नाही म्हणून कंपनीला तुमचा पगार थांबवता येत नाही. बेंचवर (काम न देता) बसवलं तरी एलसीएवरचा पगार द्यावाच लागतो. पे-स्टब जपून ठेवा.

सत्ता दुभंगली की कायदे होतच नाहीत, हा समज मात्र अर्धाच खरा. आपलं इथलं आयुष्य ज्या कायद्यांवर चालतं, ते सगळे कायदे राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचे आणि दोन्ही सभागृहं दुसऱ्याची असताना झाले. १९९० च्या कायद्याने एच-१बीची ६५,००० ची मर्यादा, नोकरीवर आधारित १,४०,००० ग्रीन कार्डं आणि प्रत्येक देशाला ७ टक्के हे ठरवलं. १९९६ च्या कायद्यांनी बेकायदा राहिलेल्यांना तीन आणि दहा वर्षांची बंदी आणली, आणि नव्या ग्रीन कार्डवाल्यांना बहुतेक केंद्रीय मदत योजनांपासून पाच वर्षं दूर ठेवलं. आईवडिलांना बोलावताना भरायचं आय-८६४ हे आर्थिक हमीपत्र कोर्टात वसूल होण्याजोगं झालं तेही तेव्हाच. त्यात गरिबीरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावं लागतं. २००० च्या कायद्याने सहा वर्षांनंतरही एच-१बी वाढवण्याची सोय केली. ती नसती तर ग्रीन कार्डाच्या रांगेतले निम्मे लोक परत गेले असते, असं माझं मत.

तो काळ मात्र मागे पडला. देशवार मर्यादा काढणारं विधेयक जुलै २०१९ मध्ये डेमोक्रॅटिक हाउसमध्ये ३६५ विरुद्ध ६५ ने पास झालं. रिपब्लिकन सिनेटने डिसेंबर २०२० मध्ये बदल करून तेही पास केलं. दोन्ही मसुदे जुळवायला वेळ उरला नाही, ३ जानेवारीला जुनी काँग्रेस संपली आणि विधेयक मेलं. नव्या काँग्रेसमध्ये सगळं पहिल्यापासून. त्यामुळे 'विधेयक आलं' अशा बातमीवर घर घ्यायचे निर्णय घेऊ नका. लक्ष ठेवायचं तर डिसेंबरातल्या खर्चाच्या जाडजूड विधेयकांवर ठेवा. मास्टर्सवाल्यांचे जादा २०,००० एच-१बी २००४ च्या डिसेंबरात असेच आले.

तुमच्या भागाचा हाउस प्रतिनिधी बदलला, तर एक काम करावं लागेल. अडकलेल्या अर्जाची चौकशी प्रतिनिधीचं कार्यालय करतं, आणि त्यासाठी तुम्ही नागरिक असायची गरज नाही, त्या मतदारसंघात राहणं पुरतं. हाउसच्या साइटवर झिप कोड टाका, कार्यालय शोधा, प्रायव्हसी रिलीज फॉर्मवर सही करा, रिसीट नंबर आणि जन्मतारीख द्या. ते निर्णय बदलू शकत नाहीत, पण फाइल कुठे आहे हे कळतं. जुन्या कार्यालयाला दिलेला फॉर्म नव्याकडे आपोआप जाईल असं धरू नका, जानेवारीत नवा भरा. पक्ष कुठला याने फारसा फरक पडत नाही.

निवडणुकीच्या उत्साहात दोन गोष्टी टाळा. एच-१बी, एफ-१ (विद्यार्थी) किंवा एच-४ वर असताना कुठल्याही उमेदवाराला वर्गणी देऊ नका, पाच डॉलरही नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ती मुभा आहे. आणि ड्रायव्हिंग लायसन्स काढताना डीएमव्हीच्या फॉर्मवर 'तुम्ही अमेरिकन नागरिक आहात का' आणि 'मतदार नोंदणी करायची का' हे प्रश्न येतात, तिथे घाईत 'हो'वर टिक करू नका. चुकून झाली असेल तर नोंदणी लगेच लेखी रद्द करून घ्या, त्याची प्रत ठेवा आणि वकिलाला दाखवा. नागरिक नसताना मतदान केलं तर ग्रीन कार्डवाल्यालाही देशाबाहेर काढता येतं.