शाळेतली रहस्यकथा लिहिताना: संशय आधी कुणावर?

किशोरांच्या कथेत खून लागत नाही. शाळेच्या कार्यालयातून जनरल रजिस्टर गायब झालं, एवढं पुरतं. त्यात प्रत्येकाची जात, जन्मस्थळ, आधीची शाळा नोंदलेली असते. म्हणजे ‘कुणी नेलं’ याच्या मागोमाग ‘कुणाला काय झाकायचं होतं’ हा प्रश्न आपोआप येतो.

आधी उत्तर लिहा, एका पानात. मग त्या दिवसाचं वेळापत्रक तासिकेनुसार मांडा. संशयित चारच ठेवा.

शाळेचा पहिला संशय कुणावर जातो, हा कथेचा खरा गाभा. समजा पुण्यात कोथरूडची खासगी शाळा आणि आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या राखीव जागेवर आलेला, तिथल्याच सुतारदरा वस्तीतला मुलगा. इथे तपशील चुकवू नका. २५ टक्के राखीव जागांवरचा प्रवेश घराजवळच्या शाळेत मिळतो, त्यामुळे येरवड्याचं पोर कोथरूडला आणलंत तर पुण्यातला वाचक तिथेच पुस्तक मिटेल. आणि मोफत शिक्षण आठवीपर्यंतच. नववीत फी सुरू होते, म्हणून कथा नववीच्या जूनमध्ये ठेवा: ‘त्याला पैशांची गरज होती’ हे सगळ्यांना लगेच पटतं.

धागादोरा भाषेत लपवा. निनावी चिठ्ठीत ‘पानी’, ‘कोन’ असं लिहिलेलं सापडतं आणि वर्ग त्याच्याकडे बघतो, कारण बोलताना तो ‘ण’चा ‘न’ करतो. पण बोलण्यावरून हसू झालेला मुलगा कागदावर ‘ण’ चुकवत नाही. त्याच्या जुन्या निबंधाच्या वह्या हाच पुरावा. नक्कल करणाऱ्याने प्रत्येक ‘ण’चा ‘न’ केला, तिथे तो सापडला. या वह्या चौथ्या प्रकरणाच्या आत सहज दिसू द्या, दुसऱ्याच कामाच्या निमित्ताने. शेवटी एकदम काढल्यात तर ती फसवणूक.

वर्गात मणिपूरची मुलगी असेल तर तिला ‘नेपाळी’ म्हणणारी मुलं दाखवा, पण केवळ चिडवून घेण्यासाठी तिला आणू नका. कार्यालयाचं दार किती वाजता उघडं होतं, हे नेमकं तिलाच आठवू द्या. छडा मात्र संशयित मुलानेच लावावा. सदाशिव पेठेतला सहृदय मित्र येऊन त्याला सोडवतो, हा साचा फार मळलेला आहे.

आरोप भर वर्गात झाला असेल, तर सरांची माफी स्टाफरूममध्ये, दार लोटून होऊ द्या. तो फरक मुलं बरोबर टिपतात. त्यावर भाष्य नको.

कच्चा खर्डा नववीतल्या तिघा-चौघांना शेवटचं प्रकरण काढून वाचायला द्या. सगळ्यांनी एकच नाव घेतलं तर पुरावा फार उघडा पडलाय. कुणालाच नाव सुचलं नाही, तर वह्यांचा प्रसंग थोडा वाढवा.