प्रवासासाठी एकच झूम लेन्स घेताय? या चुका टाळा

दुकानात बहुतेकांची नजर आधी लेन्सच्या नावातल्या २०० किंवा ३०० या शेवटच्या एमएम आकड्यावर जाते; तो मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं. माझ्या मते पाहायचा तो सुरुवातीचा आकडा; तो लहान तितकं दृश्य रुंद. फुल फ्रेमची (मोठ्या सेन्सरची) २८-२०० लेन्स सोनीच्या एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर लावली, तर दृश्य ४२ एमएमपासून सुरू झाल्यासारखं मिळतं. ठाण्यात जांभळी नाक्याच्या गर्दीत कोपिनेश्वराचं देऊळ मग पूर्ण मावत नाही आणि मागे सरकायला जागाही नसते. अशा कॅमेऱ्यासाठी १८ पासून सुरू होणारीच लेन्स घ्या. लांबचा फोटो नंतर कापून घेता येतो; फ्रेमबाहेर राहिलेलं परत आणता येत नाही.

अपर्चरचाही (प्रकाश आत येण्याच्या छिद्राचा; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) फक्त पहिला आकडा वाचू नका. एफ/३.५-६.३ म्हणजे पूर्ण झूमवर ६.३, आणि तिथे एफ/२.८ च्या मानाने प्रकाश साधारण पाचपट कमी. ऐरोलीहून बोटीने ठाणे खाडीतले फ्लेमिंगो टिपले आणि सगळे पुसट आले, की दोष ऑटोफोकसला दिला जातो. आधी शटर स्पीड, म्हणजे शटर किती सेकंद उघडं राहतं, ते बघा. बसलेल्या पक्ष्यांना १/५००, उडणाऱ्यांना १/१६०० तरी ठेवा आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ऑटोवर सोडा. आयएसओ वाढल्याने येणारा नॉईज (फोटोतले दाणे) बराचसा कमी करता येतो, हललेला फोटो सावरणं फार कठीण. स्टॅबिलायझेशन हाताचा कंप सांभाळतं, पंखांची हालचाल थांबवत नाही. शिवाय ते प्रत्येक लेन्समध्ये असतंच असं नाही. टॅमरॉनच्या २८-२०० मध्ये नाही. तुमच्या कॅमेऱ्याच्या बॉडीतही नसेल, तर विचार करून घ्या.

शटर स्पीड पुरेसा असूनही दूरचे पक्षी मऊ दिसतात? दुपारी खाडीवरची तापलेली हवा थरथरते. त्यावर महागडी लेन्सही उपाय नाही. सकाळी जा, जवळ जा.

घेताना लेन्स खाली धरून नळी आपोआप घसरते का ते तपासा. पूर्ण झूमवर एफ/६.३ आणि एफ/८ ला एकेक फोटो काढून चारही कोपरे मोठे करून पाहा. एकच कोपरा खूप मऊ असेल तर दुसरा नग मागा.

पावसाळ्यात येऊरच्या जंगलातून आल्यावर ओलसर बॅगेत लेन्स तशीच ठेवणं ही सगळ्यात महागाची चूक. आपल्या दमट हवेत काचेवर बुरशी धरते. पुसून, सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा, आर्द्रता ४० ते ५० टक्के राहील असं पाहा आणि जेल ओलं झालं की बदला.