शेडमध्ये शिरलात की आधी वर बघा

मी आयटीआयचा फिटर. तुर्भ्याच्या एमआयडीसीत तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा मेंटेनन्स इन्चार्ज म्हणून. मसाले, स्टार्च, पिठीसाखर असं सगळं दळणाचं काम. आता ओळखीतले लोक आपापल्या युनिटवर बोलावतात, "जरा नजर टाकून जा" म्हणतात. कुर्ल्याचा गाळा असो की तळोज्याची मोठी शेड, मी आत शिरलो की आधी मान वर करतो. जमीन सगळेच झाडतात. वरचे गर्डर, केबल ट्रे, ट्यूबलाइटची पाठ, डक्टचा (हवा-धूळ वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या पाइपचा) माथा, पोटमाळ्यावरचे जुने खोके यांच्याकडे वर्षानुवर्षं कोणी बघत नाही, आणि माणसं मरतात ती तिथल्या धुळीने.

धूळ पेटते हेच पुष्कळांना पटत नाही. लहानपणी गावच्या जत्रेत सोंग आलं की मशालीवर राळ फेकलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी तीच आठवण करून देतो. राळेचा खडा हळूहळू, चिकट जळतो. त्याच राळेची मूठभर भुकटी मशालीवर उधळली की माणसाएवढा जाळ उठतो. कारण प्रत्येक कणाला चहूबाजूंनी हवा मिळते आणि सगळे कण एकदम पेटतात. साखर, मैदा, हळद, मिरची, लाकडाचा भुसा, पावडर कोटिंगची पावडर, अल्युमिनियमची भुकटी, सगळ्यांचं तसंच. जत्रेत वर मोकळं आभाळ असतं म्हणून नुसता जाळ होतो. तोच जाळ बंद हॉपरमध्ये (नरसाळ्यासारख्या टाकीत), डक्टमध्ये किंवा गाळ्यात झाला की दाब वाढतो आणि पत्रे फाटतात. म्हणजे पाच गोष्टी जुळाव्या लागतात: जळणारी धूळ, हवा, ठिणगी, धुळीचा ढग आणि बंदिस्त जागा. हवा आपल्या हातात नाही. उरलेल्या चारांवर काम करायचं.

किती धूळ म्हणजे जास्त, हे पाकिटातल्या एटीएम कार्डाने मोजा. कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटरच्या किंचित वर असते. अमेरिकेच्या अग्निसुरक्षा मानकात बरीच वर्षं 0.8 मिलिमीटर हा आकडा धरला गेला आहे: एवढा थर जमिनीच्या क्षेत्रफळाच्या 5 टक्क्यांहून जास्त जागेवर असला की तो धोका. ऐकायला फारच कडक वाटतं, म्हणून हिशोब करून दाखवतो. घनमीटरला 500 किलो वजनाची भुकटी धरा. एक चौरस मीटरवर 0.8 मिलिमीटर थर म्हणजे 400 ग्रॅम. शेड पाच मीटर उंच असेल आणि ही धूळ हवेत उडाली, तर घनमीटरमागे 80 ग्रॅम झाले. धान्य-साखरेसारख्या बऱ्याच भुकट्यांचा ढग पेटायला साधारण 30 ते 100 ग्रॅम पुरतात. कार्ड नसेल तर त्याहून सोपी खूण: थराखालच्या पत्र्याचा रंग दिसेनासा झाला की साफ करायची वेळ होऊन गेली आहे.

आता ती उडवतं कोण? बहुतेक वेळा पहिला छोटा स्फोट. बॅग फिल्टरमध्ये (कापडी पिशव्यांतून हवा गाळून धूळ पकडणाऱ्या यंत्रात) किंवा माल वर चढवणाऱ्या बकेट एलिव्हेटरमध्ये एक धक्का बसतो, त्याने गर्डर हादरतात, वरची धूळ खाली कोसळते आणि मागून आलेली ज्योत तिला गाठते. हा दुसरा भडका पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. 7 फेब्रुवारी 2008 ला अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या इम्पीरियल शुगरच्या कारखान्यात असंच झालं. सायलोखालच्या, म्हणजे साखर साठवायच्या उंच टाक्यांखालच्या बोगद्यात साखर वाहून नेणारा पट्टा, कन्व्हेयर होता. साखरेत कचरा पडू नये म्हणून आदल्या वर्षी त्याला वरून पत्र्याचं आवरण घातलं. हेतू चांगला होता, पण आत धूळ साठायला लागली आणि ती काढायची सोय नव्हती. पहिला स्फोट त्या आवरणात झाला, पुढचे पॅकिंगच्या इमारतींमध्ये, तिथे मजल्यामजल्यावर साठलेल्या साखरेचे. 14 माणसं गेली.

उडवणारा दुसरा आपणच असतो, हातात दाबाची हवा मारायची एअर गन घेऊन. हे मी लोकांच्या चुकीतून शिकलेलो नाही. पिठीसाखरेच्या खोलीत शनिवारची सफाई चालली होती, पार्टी माल उचलायला येणार होती आणि मी खालून ओरडलो, "केबल ट्रे एअरने मार, पटकन होईल." शिडीवर आमचा हेल्पर होता, विशीतला पोरगा, मला काका म्हणायचा. इलेक्ट्रिशियनने उजेडासाठी कोपऱ्यात हॅलोजन उभा केला होता, पुढची काच फुटलेला. पांढरा ढग ट्रेवरून सावकाश खाली उतरला, अगदी पडदा सोडल्यासारखा, आणि हॅलोजनपाशी पोचल्यावर एकदम नारिंगी झाला. आवाज मोठा नव्हता, ताडपत्री झटकल्यासारखा "भप्प". पोरगा शिडीवरून घसरत खाली आला, भुवया नव्हत्या, दोन्ही हातांची कातडी सोललेली. "काका, डोळे उघडत नाहीत" एवढंच म्हणत होता. तीन आठवडे तो हॉस्पिटलात होता. डोळे वाचले. दोन्ही शटर उघडी होती आणि अर्धी खोली आधीच पुसून झाली होती, म्हणून एवढ्यावर निभावलं. तो हुकूम माझा होता. तेव्हापासून माझ्या हाताखाली कुणी धुळीवर एअर गन मारलेली नाही.

मग साफ कसं करायचं? मशीन बंद, हॅलोजन-हीटर बंद, वरून खाली यायचं. मऊ कुंचा हळू ओढायचा, धूळ सुपलीत घ्यायची, मग कपड्याने पुसायचं. व्हॅक्युम वापरलात तर जळणाऱ्या धुळीसाठी बनवलेला, अर्थिंगवाला, अँटिस्टॅटिक पाइपचा घ्या. घरगुती व्हॅक्युमच्या मोटरमधून ठिणग्या पडतात आणि त्या भुकटीच्या शेजारीच पडतात. रोज जमीन, आठवड्याला मशीनची डोकी आणि वरच्या पट्ट्या. गर्डरचं वेळापत्रक मात्र दुसऱ्याचं उसनं घेऊ नका. एक गर्डर लख्ख पुसून तारीख लिहा आणि रंग दिसेनासा व्हायला किती दिवस लागतात ते बघा. त्याच्या निम्म्या दिवसांत सफाई लावा. नवीन शेड बांधत असाल तर आडव्या कडांवर 60 अंशांचा उतार द्या, म्हणजे धूळ बसणारच नाही.

पण पुसत राहणं हा अर्धा उपाय झाला, धूळ बाहेर येते कुठून ते शोधा. फाटलेली कॅनव्हास बेलो (पाइप जोडणारी कापडी बाही), गॅस्केट गेलेलं झाकण, गोणी ओतायचं तोंड. धूळ ओढणाऱ्या ब्लोअरला घाईघाईत जोडलेला जादा पाइप हा तर माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा चोर. डक्टमधली हवा सेकंदाला साधारण 20 मीटर वेगाने धावली तर धूळ तरंगत पुढे जाते. मालक नवीन मशीन आणतो, जुन्याच डक्टला भोक पाडून जोडतो, वेग सगळीकडेच पडतो आणि आडव्या डक्टमध्ये धूळ बसायला लागते. डक्टवर बोटाने टिचकी मारून बघा. रिकामा पत्रा खणकन वाजतो, भरलेला भद्द.

ठिणग्यांचं सांगतो. पल्वरायझरच्या, म्हणजे दळणाच्या यंत्राच्या आधी चुंबक हवाच, आणि तो रोज साफ केलेला. मिरचीच्या गोणीतून खिळे, तारा, एकदा तर विळ्याचं पातं निघालेलं मी पाहिलं आहे. बेअरिंगचं तापमान दर पाळीला टेम्परेचर गनने घ्या आणि मशीनवरच खडूने लिहा. कालपेक्षा वीस अंश चढलं तर मशीन थांबवा, ग्रीस मारून पुढे ढकलू नका. बकेट एलिव्हेटरचा पट्टा एका बाजूला सरकून पत्र्याला घासत असेल तर रबराचा वास येतो, त्या वासाला आगीइतकंच महत्त्व द्या. वेल्डिंग किंवा गॅस कटरचं काम असेल तर कागदावर परवानगी, चारी बाजूंना 11 मीटर धूळमुक्त जागा, जोडलेल्या डक्टची तोंडं बंद, आणि काम संपल्यावर निदान तासभर एक माणूस नुसता बघत बसलेला. ठेकेदाराचा वेल्डर घाईत असतो, त्याच्यासाठी नियम सैल करू नका.

स्थिर विजेबद्दल मुंबईत एक गैरसमज आहे, की आपली हवा दमट, आपल्याला काय होणार. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बाहेर ते बऱ्यापैकी खरं आहे. पण साखर गोळा होऊ नये म्हणून आम्ही खोलीत बारा महिने डीह्युमिडिफायर चालवायचो, म्हणजे आमच्याकडे जुलैतही हवा कोरडीच. ड्रायरमधून निघालेल्या भुकटीचंही तेच. म्हणून धातूचा प्रत्येक सुटा तुकडा अर्थिंगला बांधा: रबरी जोडाच्या दोन्ही बाजूंना तांब्याचा जंपर, बॅग फिल्टरमधल्या तारेच्या पिंजऱ्यांना अर्थिंग, ओतायच्या ड्रमला क्लिप. मीटर लावून बघा, 10 ओहमच्या आत यायला हवं. येत नसेल तर बहुतेक वेळा क्लॅम्पखाली रंग असतो, तो खरवडा. टाइप सी जंबो बॅग (वीजवाहक धागे विणलेली मोठी गोणी) भरता-रिकामी करताना तिची अर्थिंगची क्लिप लावलीच पाहिजे, सुटी ठेवलेली टाइप सी बॅग साध्या बॅगेपेक्षा धोकादायक.

एवढं करूनही स्फोट होईलच असं धरून तयारी ठेवायची असते. 1948 च्या कारखाने अधिनियमाचं 37 वं कलम आम्हाला पाठ करायला लावलं होतं, त्यात हेच होतं: धूळ कोंडा, काढा, ठिणगी दूर ठेवा, आणि यंत्र दाब सोसणारं नसेल तर दाबाला वाट ठेवा. बॅग फिल्टर इमारतीबाहेर उभा करा, त्याला दाब आला की फुटून वाट देणारं व्हेंट पॅनल द्या आणि ज्योत डक्टमधून उलटी आत येऊ नये म्हणून आयसोलेशन व्हॉल्व्ह बसवा. आपल्या इंडस्ट्रियल इस्टेटींत इथेच गाडं अडतं. गाळ्याला बाहेर म्हणजे सामायिक पॅसेज, तिथे चहावाला उभा असतो, शेजारच्या गाळ्यातल्या बायका डबा खात बसतात. त्या दिशेला व्हेंट काढू नका, कधीच. ज्योत कित्येक मीटर बाहेर येते. जागाच नसेल तर ज्योत अडवणारं, फ्लेमलेस व्हेंट मिळतं, किंवा स्फोट दाबून टाकणारी सप्रेशन यंत्रणा. महाग आहेत. परवडत नसतील तर ते काम त्या गाळ्यात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. व्हेंटचं माप अंदाजाने ठरवू नका. आपल्या भुकटीचा नमुना प्रयोगशाळेत देऊन ती किती जोरात फुटते ते मोजून घ्या, मगच इंजिनिअरकडून माप काढा.

अल्युमिनियम-मॅग्नेशियमचं बफिंग करणाऱ्यांनी वेगळं वागायचं. ही धूळ धान्यापेक्षा फार जोरात आणि फार थोड्या ठिणगीने फुटते. चीनमध्ये कुनशानला 2 ऑगस्ट 2014 रोजी गाडीची अल्युमिनियमची चाकं पॉलिश करणाऱ्या कारखान्यात स्फोट झाला, पहिल्याच झटक्यात सत्तरच्या वर कामगार गेले. ओलसर अल्युमिनियम भुकटीतून हायड्रोजन निघतो, म्हणून ती बंद ड्रममध्ये कोंडून ठेवू नका, आणि पेटली तर पाणी अजिबात मारू नका. कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीचं डी वर्गाचं एक्स्टिंग्विशर, तेही हळू, भुकटी न उडवता.

आणि फिल्टरमधून जळका वास आला, हॉपरचा पत्रा हाताला गरम लागला, तर काय. माल टाकणं बंद करा. ब्लोअर बंद करा. पल्स जेटची हवा बंद करा, कारण ती बॅगा झटकून आतच ढग करते. झाकण उघडून बघू नका. आत निखारा असतो, हवा गेली आणि थर ढासळला की तोंडावर भडका येतो, म्हणून झाकणासमोर आणि व्हेंटसमोर कुणी उभं राहू नये. सगळ्यांना बाहेर काढा, शेजारच्या गाळ्यांनाही. 101 ला फोन करा आणि पत्त्याआधी सांगा की धूळ कशाची आहे, म्हणजे जवान जोराचा फवारा मारून ती उडवणार नाहीत.