कोलंबसचं जर्मन व्हिलेज पायी कसं पाहावं : एका गवंड्याचं सांगणं

पुढच्या महिन्यात आमच्या गल्लीतले एक नवरा-बायको लेकीकडे अमेरिकेत चाललेत. ओहायो राज्यात, कोलंबसला. माझी लेकही तिथंच असते. दोन वर्षांआधी मी अन् आमची ही तिच्याकडे चार महिने राहून आलो, म्हणून परवा ते ओट्यावर येऊन बसले. "मामा, तिकडं पाहण्यासारखं काय आहे जी?" मी म्हटलं, मॉल तुम्हाला पोरं दाखवतीलच. एक मोहल्ला मात्र पायी पाहा, जर्मन व्हिलेज. त्यांना सांगितलं तेच इथं लिहून ठेवतो. दर्यापूर-अंजनगावकडची बरीच लेकरं आता तिकडं आहेत अन् त्यांचे मायबाप जात-येत राहतात.

मी चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. त्यामुळं माझं सांगणं विटेपासून सुरू होईल, तेवढं चालवून घ्या.

'व्हिलेज' म्हणतात म्हणून खेडं समजू नका. शहराच्या ऐन मधल्या भागाला लागून दक्षिणेकडं हा मोहल्ला आहे. ओहायोचं जुनं विधानभवन, ज्याला तिकडं स्टेटहाऊस म्हणतात, त्याच्या पूर्वेच्या बाजूनं थर्ड स्ट्रीट जातो. तो धरून सरळ दक्षिणेला निघा. मोठ्या हायवेवरचा पूल ओलांडला की लिव्हिंग्स्टन अव्हेन्यू लागतो, अन् तिथून विटांचं राज्य सुरू होतं. माझ्या चालीनं वीस मिनिटं, आमच्या हिच्या चालीनं तीस. जावई गाडीनं सोडत असेल तर गाडी लावण्याआधी खांबावरची पाटी त्याला नीट वाचायला लावा.

सकाळी जा. ऊन तिरपं असलं की भिंतीचा प्रत्येक थर उठून दिसतो, दुपारी सगळी भिंत सपाट वाटते. चप्पल घालू नका. पायवाटासुद्धा विटांच्याच आहेत, अन् झाडांच्या मुळांनी त्या जागोजागी उचलल्या आहेत. मी पहिल्याच दिवशी छपरांकडं पाहत चालत होतो अन् ठेच लागून नख उपटलं. हिवाळ्यात त्याच विटांवर बर्फ बसतो, तेव्हा म्हाताऱ्या माणसानं तिकडं न गेलेलंच बरं.

घर पाहायचं ते खालून वर. नवा माणूस आधी छत पाहतो, मग दार, अन् पुढं निघून जातो. तुम्ही जोत्यापासून सुरुवात करा. तिथली जोती चुनखडीच्या घडीव दगडांची आहेत. आपल्याकडं काळ्या मातीत पाया किती खोल न्यावा लागतो अन् तरीही भिंतीला चीर कशी पडते, हे आपण जाणतो. म्हणून एकेका घराच्या कोपऱ्याला डोळा लावून मी ओळंबा न सोडताच ओळंबा पाहायचो. आमची ही लाजायची. "काहून वाकून वाकून पाहून राहिले जी? लोक चोर समजतील."

जोत्यावर वीट. थर मोजा. मी मोजले तिथं सहा-सात थर लांबट बाजूच्या विटांचे अन् मग एक थर नुसत्या तोंडाच्या विटांचा, म्हणजे वीट भिंतीत आडवी शिरलेली. तो थर बाहेरची अन् आतली भिंत एकमेकींना बांधून धरतो. खिडकीच्या वर-खाली दगडाच्या पट्ट्या, पायऱ्याही दगडाच्या. वर बऱ्याच घरांना पाटीच्या दगडाचं छप्पर, लेकरं शाळेत ज्यावर लिहायची तोच दगड, कवेलूसारखा एकावर एक चढवलेला. छपराचा तिकोना रस्त्याकडं तोंड करून असतो. घरं अरुंद, एक-दीड मजल्याची. वाडे नाहीत हे. दारूभट्ट्यांत अन् कारखान्यांत खपणाऱ्या माणसांनी बांधलेली ही घरं. मोहल्ल्याच्या पश्चिमेला बिअरचे कारखाने होते. पहिला होस्टर नावाच्या जर्मन माणसानं 1836 मध्ये काढला. 1865 च्या सुमारास कोलंबसचा तिसरा हिस्सा जर्मन होता म्हणतात.

आता माझी चूक सांगतो, तुम्ही करू नका. एका घराची दर्ज, म्हणजे दोन विटांमधल्या सांध्यातला भराव, मला चुन्याची वाटली. खात्री करायला मी नखानं जराशी खरवडली. तेवढ्यात दार उघडून घरधनीण बाहेर आली, अन् तिचा आवाज इंग्रजीत असला तरी मला सगळं समजलं. लेकीनं दहा वेळा सॉरी म्हटलं. ही सगळी राहती घरं आहेत. पायवाटेवर उभं राहून पाहा, फोटो काढा, पण पायरीवर चढू नका अन् भिंतीला हात लावू नका. आपल्याकडं कोणाच्याही ओट्यावर टेकता येतं, तिकडं ओटे रिकामेच दिसतात.

हात न लावताही चुना ओळखता येतो. विटेचं तोंड पाहा. एखाद्या भिंतीत मधेच काही विटांची सालं निघालेली दिसली, वीट मागं सरलेली अन् दर्ज मात्र पुढं कडक उभी, तर समजा की तिथं कोणीतरी मागाहून सिमेंट भरलं. जुनी वीट मऊ असते. चुन्याच्या दर्जेतून तिची ओल बाहेर निघून जाते. सिमेंट ती ओल अडवतं. तिकडं थंडीत ती ओल विटेतच गोठते, फुगते अन् विटेचं तोंड फोडून टाकते. अशी एक भिंत मला बेक स्ट्रीटवर दिसली अन् मी तिथंच थांबलो. कारण हेच काम मी स्वतः केलं होतं, आमच्या गावातल्या एका जुन्या वाड्याच्या भिंतीवर. मालकाला पक्कं काम पाहिजे होतं, मी सिमेंटनं दर्जा भरून दिल्या अन् पाठ थोपटून घेतली. आपल्याकडं पाणी गोठत नाही, पण खारपाणपट्ट्याचा, म्हणजे आमच्या खाऱ्या पाण्याच्या भागाचा, खार तर आहे. पाच-सहा वर्षांत त्या विटांचा भुगा व्हायला लागला. तेव्हा मी वीटभट्टीवाल्याला शिव्या दिल्या होत्या.

रस्त्यांच्या पाट्या वाचत चला, त्यातही इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिका जर्मनीविरुद्ध उतरली तेव्हा इथली जर्मन नावं पुसली गेली. शिलर स्ट्रीटचा व्हिटियर झाला, बिस्मार्कचा लान्सिंग, कैसरचा लीअर. नंतर दारूबंदी आली, भट्ट्या बसल्या अन् मोहल्ला उतरणीला लागला. 1950 च्या दशकात नगरपालिकेनं याला झोपडपट्टी ठरवून तिसरा हिस्सा पाडूनही टाकला. उरला तो फ्रँक फेच नावाच्या माणसामुळं. नगरपालिकेच्याच नोकरीतला माणूस. 1949 मध्ये त्यानं वॉल स्ट्रीटवर एक पडकं घर घेतलं अन् दुरुस्त करून दाखवलं. त्याचं पाहून दुसरे आले, 1960 मध्ये जर्मन व्हिलेज सोसायटी उभी राहिली अन् 1974 मध्ये मोहल्ला देशाच्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत गेला. बेक स्ट्रीटवर फेचच्या नावाची लहानशी बाग आहे, पाय दुखले तर तिथं बसा. थर्ड स्ट्रीटवर 588 नंबरला सोसायटीचं मीटिंग हाऊस आहे, काही विचारायचं तर तिथं.

थर्ड स्ट्रीटवरच 631 नंबरला बुक लॉफ्ट नावाचं पुस्तकांचं दुकान आहे, 32 खोल्यांचं. एका खोलीतून दुसरीत, दोन पायऱ्या वर, तीन खाली. दोघांनी आत जाताना बाहेर कुठं भेटायचं ते आधी ठरवा. मी न ठरवता गेलो अन् अर्धा तास हिला शोधत फिरलो. पुढं सेंट मेरी चर्च लागेल. त्याचा मनोरा दुरून दिसतो, गल्ल्यांत रस्ता चुकलात तर तोच खूण धरा. अन् चुकाच थोडं. मागच्या बारक्या गल्ल्यांत गाड्यांची शेडं, जुन्या भिंतींचे जोड अन् कचऱ्याचे डबे असतात. घराची खरी बाजू तिथं दिसते.

जेवणाचं म्हणाल तर कोसुथ स्ट्रीटवर श्मिट्स आहे. पूर्वी त्या इमारतीत घोड्यांचा तबेला होता. सगळा सॉसेजचा कारभार, म्हणजे माळकऱ्यांच्या कामाचं नाही. मलईनं भरलेला तिथला क्रीम पफ नावाजलेला आहे, मुठीपेक्षा मोठा. माळ असेल तर आधीच सांगतो, त्याच्या कवचात अंडं असतं. आम्ही घरून पोळी अन् मिरचीचा ठेचा नेला होता, तो शिलर पार्कात खाल्ला.

हे पार्क दक्षिणेच्या टोकाला आहे. सिटी पार्क अव्हेन्यूनं खाली गेलात की आपोआप लागतं. मधे शिलर नावाच्या जर्मन कवीचा पुतळा आहे, म्युनिकमधल्या पुतळ्यासारखाच, 1891 मध्ये बसवलेला. युद्धात पार्काचं नाव बदलून वॉशिंग्टन केलं, पुतळा मात्र राहिला, अन् 1930 मध्ये जुनं नाव परत आलं. पुतळ्याजवळच्या बाकावर एक-दीड तास काढा, कोणी उठवत नाही. पार्कात छत्री धरलेल्या पोरीचा पुतळाही आहे, नातवंडं सोबत असली तर आधी तिकडंच धावतील.

शेजाऱ्यांना एक काम सांगून ठेवलं आहे, तुम्हालाही सांगतो. बेक स्ट्रीटवरच्या त्या सालं निघालेल्या भिंतीचा माझा फोटो हललेला आला. मागच्या उन्हाळ्यात मी वाड्याच्या भिंतीतलं सिमेंट छन्नीनं काढायला बसलो, तेव्हा मालकाचा पोरगा म्हणाला, "मामा, पक्कं काम काहून तोडून राहिले?" तो फोटो चांगला असता तर नुसता दाखवला असता. गेलात तर सकाळच्या उन्हात, जवळून, दर्ज दिसेल असा काढून पाठवा.