‘दगडांच्या देशा’ वाचताना करवंदाच्या जाळीत हात घाला

गोविंदाग्रजांचं, म्हणजे राम गणेश गडकरींचं, ‘श्री महाराष्ट्र गीत’ वर्गात शिकवताना मी आधी चाल बंद करायला लावते. चालीत शब्द वाहून जातात. गद्यासारखं, सावकाश वाचा.

मग पेन्सिल घेऊन फक्त झाडं शोधा: अंजन, कांचन, करवंद, बकुळ, प्राजक्त. प्रत्येकासमोर लिहा, ‘मी पाहिलंय का?’ माझ्या वर्गात अंजनापाशी सगळे अडतात. उन्हाळ्यात सह्याद्रीत फिरलात तर थेट फांदीला चिकटलेले जांभळट-निळे झुबके दिसतील, तेच ते.

आता विशेषणं. करवंदीपाशी ‘काटेरी’ आहे. मे महिन्यात एकदा जाळीत हात घालून बघा. मनगटावर ओरखडे आणि बोटांना चीक, दोन्ही घेऊनच करवंद तोंडात जातं. ‘राकट’ आणि ‘नाजुक’ एकाच देशाला कसं म्हणता येतं, ते तिथे कळतं. माझं मत विचाराल तर अख्खं गीत या जाळीत आहे. दगडाचं काय, पायाखालचा काळा बेसॉल्ट बघितलात की झालं.

शेवटी वहीत दोन सनावळ्या लिहा. गडकरी 1919 मध्ये गेले, महाराष्ट्र राज्य 1960 मध्ये झालं. म्हणजे ‘देशा’ म्हणताना नकाशावर या नावाचं राज्यच नव्हतं. सीमा आखायला त्यांच्या हाताशी होती ती झाडं, दगड आणि माणसं. बरं, त्यांचा जन्म नवसारीचा. हे सांगितलं की मागच्या बाकावरून हमखास हात वर येतो: ‘मॅडम, ते तर गुजरातेत ना?’