शस्त्रक्रियेनंतरचा आराम मोजताना : नव्या संशोधकांसाठी काही अनुभव

पेल्विक फ्लोअरच्या, म्हणजे गर्भाशय, मूत्राशय आणि गुदाशय यांना खालून आधार देणाऱ्या स्नायूंच्या, शस्त्रक्रियांवरील संशोधनात येणाऱ्या प्रत्येक नव्या सहकाऱ्याला मी आधी हेच सांगते की, तपासणीत दिसणारे यश आणि त्या स्त्रीला जाणवणारा आराम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगवेगळ्याच मोजाव्या लागतात. १९९६ पासून रूढ झालेल्या पीओपी-क्यू या तपासणी पद्धतीने अंग, म्हणजे गर्भाशय किंवा योनीच्या भिंती, किती खाली उतरले आहे हे सेंटिमीटरमध्ये नोंदवता येते. पण २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात यशाच्या निरनिराळ्या व्याख्या पडताळल्या गेल्या, तेव्हा आपली प्रकृती सुधारली या स्त्रियांच्या मताशी सर्वांत जवळचे नाते निघाले ते योनीत फुगवटा न जाणवण्याचे.

आम्ही बहुतेक वेळा पीएफडीआय-२० ही प्रश्नावली वापरतो. तिच्यातील २० प्रश्नांपैकी सहा अंग उतरण्याविषयी, आठ शौचाविषयी आणि सहा लघवीविषयी आहेत. प्रत्येक विभागाचे गुण ० ते १०० आणि एकूण गुण ० ते ३०० असतात. गुण जितके जास्त, तितका त्रास जास्त. नवशिके एकूण आकड्यावर थांबतात आणि तिथेच महत्त्वाची माहिती निसटते. योनीच्या पुढच्या बाजूने उतरलेल्या अंगामुळे मूत्रमार्ग दुमडलेला असेल, तर खोकताना लघवी सुटण्याची तक्रार शस्त्रक्रियेपूर्वी झाकलेली राहू शकते. अंग जागेवर बसवल्यावर ती उघडी पडते. फुगवट्याचे गुण इतके उतरतात की एकूण आकडा उत्तम दिसतो, आणि ती स्त्री मात्र एका नव्या त्रासासह घरी जाते. म्हणून तिन्ही विभाग नेहमी स्वतंत्रपणे मांडावेत, असा माझा आग्रह असतो.

किती गुणांचा फरक रुग्णासाठी अर्थपूर्ण मानायचा, हे आकडे हाती येण्यापूर्वीच संशोधन आराखड्यात लिहून ठेवा. २००५ मधील मूळ लेखात एकूण गुणांसाठी हा फरक ४५ धरला होता, तर नंतरच्या काही अभ्यासांत तो बराच कमी निघाला. निवड लवचीक राहिली की निष्कर्षही लवचीक होतात.

शस्त्रक्रियेपूर्वीची प्रश्नावली राहिली, तर ती नंतर आठवणीवरून भरून घेऊ नये. बरे वाटू लागलेल्या माणसाला जुना त्रास वेगळाच आठवतो. 'आधीपेक्षा आता कसे वाटते' एवढेच विचारणारी पीजीआय-आय ही सात पर्यायांची मोजपट्टी सोपी आहे, मात्र तीही अशाच आठवणीवर उभी असल्याने ती जोडीला घ्यावी, एकटी नको. प्रश्न शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी विचारू नयेत, कारण ज्यांनी उपचार केले त्यांच्यासमोर तक्रार सांगणे कठीण जाते.

लैंगिक जीवनाविषयीचे प्रश्न वयाकडे पाहून गाळले जातात, याचे मला फार वाईट वाटते. पीआयएसक्यू-१२ ही या विषयावरची प्रश्नावली केवळ लैंगिकदृष्ट्या सक्रिय स्त्रियांसाठी आहे; पुढे आलेल्या पीआयएसक्यू-आयआरमध्ये सक्रिय नसलेल्या स्त्रियांनाही त्यामागचे कारण विचारले जाते, आणि ते कारण अनेकदा हाच आजार असू शकतो.

वर्षभरानंतरच्या फेरीला काही स्त्रिया येत नाहीत. त्या बऱ्या झाल्या म्हणून आल्या नाहीत की निराश होऊन दुसरीकडे गेल्या, हे कोऱ्या रकान्यावरून कळत नाही. त्यामुळे त्यांना फोन करून निदान फुगवटा, लघवी आणि पुन्हा केलेले उपचार एवढे तरी विचारून घ्यावे, आणि ही उत्तरे फोनवरून मिळाल्याची वेगळी नोंद ठेवावी.